एक रुपयाच्या तिकिटाचा हिशेब

ऑगस्ट २००३मध्ये बेंगळुरूहून हुबळीला एक छोटे एटीआर जातीचे विमान उडाले. अंतर फारसे नव्हते, विमानही पंख्याचे. पण भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासात त्या उड्डाणाची नोंद ठळकपणे करावी लागते. एअर डेक्कन ही कंपनी काढणारे कॅप्टन गोपीनाथ हे सेनादलातून निवृत्त झालेले, कर्नाटकातील हासन जिल्ह्यात शेती करणारे गृहस्थ. कंपनीचे प्रतीक म्हणून त्यांनी राजहंस वा गरुड निवडला नाही, आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला 'कॉमन मॅन' निवडला. अर्धशतक वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात उभे राहून मुकाट्याने सारे पाहणारा तो माणूस एकदाचा विमानात बसला. पुढे याच कंपनीने एक रुपयाला तिकीट विकले आणि देशभर एकच खळबळ उडाली.

एक रुपयात कोणी कोणाला बेंगळुरूहून दिल्लीला नेत नाही, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. अशी तिकिटे मोजकीच असत आणि त्यांवर कर व शुल्क वेगळे पडे. परंतु त्या एका रुपयाने जे काम केले ते जाहिरातीच्या पलीकडचे होते. विमान हे आपल्यासाठी नाही, ही मध्यमवर्गाच्या मनात घट्ट बसलेली समजूत त्याने मोडली.

ती समजूत उगीच बसलेली नव्हती. १९३२ साली जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले तेव्हापासून देशात विमान उडत होते. १९५३मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढची चार दशके देशांतर्गत आकाश एका सरकारी कंपनीचे राहिले. १९९४मध्ये कायद्याने तो मक्ता संपवला. दमानिया, ईस्ट-वेस्ट, मोदीलुफ्त अशी नावे आली आणि गेली. (आजची स्पाइसजेट ही त्याच मोदीलुफ्तच्या परवान्यातून उगवलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.) पण या सर्वांनी धरलेला ग्राहक तोच होता: कंपनीच्या खर्चाने फिरणारा अधिकारी, मंत्री, नट, उद्योगपती. २००३-०४मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांची वार्षिक संख्या दीड कोटीच्या आसपास होती. २०२४मध्ये ती सोळा कोटींवर गेली. दोन दशकांत दसपटीहून अधिक झालेली ही वाढ श्रीमंतांची संख्या वाढल्यामुळे झालेली नाही. ती स्वस्त विमानसेवेने घडवली आहे, आणि या सेवेवर टीका करू इच्छिणाऱ्याने आधी हे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

स्वस्ताई येते कोठून?

यामागचे गणित अमेरिकेत साउथवेस्ट या कंपनीने १९७१पासून मांडून दाखवले होते. एकाच जातीची विमाने ठेवायची, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण एक, सुटे भाग एक, तंत्रज्ञ एक. वरचा आणि खालचा वर्ग करायचा नाही. एअरबस ए-३२०मध्ये सलग १८० किंवा १८६ आसने बसवायची. जेवण फुकट द्यायचे नाही. तिकीट दलालामार्फत न विकता थेट विकायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विमान जमिनीवर उभे राहू द्यायचे नाही. विमान उतरल्यापासून अर्ध्या तासात प्रवासी उतरवून, केर काढून, नवे प्रवासी चढवून ते पुन्हा उडाले पाहिजे. कारण उभ्या विमानाचे भाडे चालू असते, कमाई मात्र थांबलेली असते. दिवसभरात असे दोन फेरे जास्त मारणारी कंपनी तिकीट स्वस्त देऊ शकते. ऑगस्ट २००६मध्ये सुरू झालेल्या इंडिगोने हे गणित भारतात इतरांपेक्षा अधिक शिस्तीने गिरवले. एकही विमान उडालेले नसताना २००५मध्ये तिने शंभर विमानांची मागणी नोंदवली होती आणि २०२३मध्ये एकाच वेळी पाचशेची.

युरोपातील कंपन्यांना आणखी एक सोय होती. मोठ्या शहराबाहेरचा, जवळजवळ ओस पडलेला विमानतळ त्यांना स्वस्तात मिळे. भारतात ते नाही. मुंबईला कोणतीही कंपनी आली तरी वर्षानुवर्षे उतरायला सांताक्रूझ-अंधेरीचीच धावपट्टी होती, पुण्याला हवाई दलाच्या मालकीच्या लोहगावात वाट्याला येईल तेवढी जागा. इंधनाचीही तीच तऱ्हा. विमानाचे इंधन आजही वस्तू व सेवा करात आलेले नाही. राज्ये त्यावर मूल्यवर्धित कर लावतात. मुंबई-पुण्यात तो २५ टक्के होता, २०२३च्या राज्य अर्थसंकल्पात १८ टक्क्यांवर आणला गेला. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा ज्या वस्तूवर जातो तिच्यावर असा कर आणि दुसरीकडे प्रवाशाला बसच्या दरात नेण्याची चढाओढ, या कात्रीत भारतीय स्वस्त विमानसेवा जन्मापासून सापडलेली आहे. जे स्वस्त दिले जाते त्यातले बरेचसे काटकसरीतून येते, आणि काही मात्र कोणाच्या तरी खिशातून.

मिळाले ते थोडे नाही

नागपूरहून पुण्याला शिकायला आलेला मुलगा पूर्वी दिवाळीला एकदा घरी जाई. आता वर्षातून तीनचार वेळा जातो. सीमेवरून सुट्टीवर निघालेल्या जवानाचे दोनतीन दिवस गाडीत जात. आता ते घरी, आईजवळ जातात. परळच्या टाटा रुग्णालयात ईशान्येकडून येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला गुवाहाटी ते मुंबई हा दोन रात्रींचा प्रवास केमोथेरपीनंतर काय वाटत असेल, याची कल्पना धडधाकट माणसाने करून पाहावी. नांदेड-अमृतसर विमान २०१७च्या अखेरीस सुरू झाले तेव्हा हुजूर साहिब आणि हरमंदिर साहिब यांच्यातील अंतर भाविकांसाठी काही तासांवर आले. आखातात मजुरीला गेलेल्या केरळच्या माणसांसाठी २००५मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेस सुरू झाली, तिनेही हेच केले. देश जवळ येतो म्हणजे काय, ते भाषणांपेक्षा या प्रवाशांकडे पाहून अधिक कळते.

काही तक्रारी तर मुळात तक्रारी म्हणाव्यात अशा नाहीत. जेवण मिळत नाही, कपात गरम पाणी ओतून झाकून ठेवलेले पोहे विकत घ्यावे लागतात, गुडघे समोरच्या आसनाला लागतात. दीड तासाच्या प्रवासात एवढे चालते. घरचा डबा नेण्यास कोणाची बंदी नाही, आणि पोळीभाजी घेऊन निघणाऱ्या मराठी माणसाला विमानातील जेवणाचे अगत्य फारसे नव्हतेच. सुरक्षिततेविषयीही एक गैरसमज दूर व्हावा. तिकीट स्वस्त म्हणून विमान कमी तपासले जाते असे नाही. देखभालीचे नियम आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची तपासणी सर्वांना सारखीच लागू आहे. जगात गेल्या काही दशकांत अपघातांची जी नोंद झाली तीत स्वस्त कंपन्या आणि महाग कंपन्या अशी सरळ विभागणी करता येत नाही.

सामानाची गोष्ट थोडी निराळी. पंधरा किलो खाली आणि सात किलो हाती, याच्या वर किलोमागे काही शे रुपये. लेकीच्या बाळंतपणाला दिल्लीला निघालेल्या आईच्या पिशवीत डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला, साजूक तूप असते. तुपाचा डबा हाती चालत नाही आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ज्वालाग्राही म्हणून बाजूला काढल्या जातात. काउंटरवर पिशवी उघडून लोकांसमोर वजन कमी करत बसलेली अशी माउली कोणत्याही विमानतळावर दिसते. तिकीट दोन हजारांचे आणि दंड त्याच्या निम्मा, हे तिला आधी कोणी समजावून सांगितलेले नसते. तेच आसनाचे. खिडकीला इतके, पुढच्या रांगेला इतके, पाय पसरायला इतके. लहान मुलांना आईवडिलांपासून दूर बसवले जाऊ लागले तेव्हा २०२४मध्ये महासंचालनालयाला आदेश काढावा लागला की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्या. जी गोष्ट एस.टी.चा वाहक न सांगता करतो ती करायला येथे सरकारी आदेश लागला!

नड आणि दर

परंतु खरा प्रश्न याहून खोल आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. स्वस्त तिकीट स्वस्त कोणाला असते? महिना-दीड महिना आधी ज्याला आपला दिवस ठरवता येतो, त्याला. मागणीनुसार दर बदलण्याच्या पद्धतीत पहिली आसने तोट्यात विकली जातात आणि तो तोटा शेवटच्या आसनांतून भरून काढला जातो. सहलीला निघालेले कुटुंब, परिषदेला निघालेला प्राध्यापक, लग्नाचे वऱ्हाड यांना ही पद्धत सोयीची. पण वडिलांना झटका आल्याचा दूरध्वनी दीड महिना आधी येत नाही. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र चार दिवस आधी येते. जवानाची रजा आयत्या वेळी मंजूर होते. अशा वेळी तीन हजारांचे तिकीट पंधरा हजारांचे झालेले असते आणि त्या माणसापाशी घासाघीस करायला वेळ नसतो. म्हणजे चैनीसाठी जाणाऱ्याचा प्रवास स्वस्त व्हावा म्हणून नडलेल्याने अधिक पैसे भरायचे, असा हा व्यवहार आहे. रेल्वेत गर्दी असते, पण तिथे तातडीचा कोटा असतो, कर्करुग्णाला सवलत असते, आणि काहीच नसले तरी साध्या डब्यात दाराशी उभे राहून माणूस अंत्यदर्शनाला पोहोचतो. विमानाला दाराशी उभे राहण्याची सोय नाही.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: दरावर मर्यादा घाला, मग स्वस्त तिकिटेही जातील. हे उत्तर अगदीच खोटे नाही. महासाथीच्या काळात मे २०२०पासून ऑगस्ट २०२२पर्यंत सरकारने दरांना खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा घातल्या होत्या. तेव्हा वरचे दर आटोक्यात राहिले आणि अगदी स्वस्त तिकिटेही दिसेनाशी झाली. तेव्हा सरसकट मर्यादा हा उपाय नव्हे. मात्र प्रत्येक विमानात पाचसहा आसने शेवटच्या दोन दिवसांपर्यंत राखून ठेवावीत, मृत्यू, गंभीर आजार किंवा रजेवरचा जवान अशा कारणासाठी पुरावा घेऊन ती मध्यम दराने द्यावीत, एवढे करण्याने १८६ आसनांच्या विमानाचे गणित कोसळत नाही. सैनिक, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक यांना काही कंपन्या आजही सवलत देतात. ती आयत्या वेळच्या चढ्या दरावर मिळते, म्हणून तिचा गवगवा अधिक आणि उपयोग कमी.

दुसरा प्रश्न या कंपन्यांच्या आयुष्याचा. एअर डेक्कन २००७मध्ये किंगफिशरच्या ताब्यात गेली. कॉमन मॅनच्या जागी मद्यसम्राटाचा लाल रंग आला आणि ऑक्टोबर २०१२मध्ये ती सारीच डोलाऱ्यासह जमिनीवर आली. मालक २०१६मध्ये परदेशी निघून गेले. मागे राहिले ते महिनोन्महिने पगार न मिळालेले कर्मचारी आणि व्याजासह नऊ हजार कोटींवर गेलेले बँकांचे, म्हणजे ठेवीदारांचे, कर्ज. जेट एअरवेज स्वस्त कंपनी नव्हती, पण स्वस्तांशी दरयुद्ध खेळता खेळता एप्रिल २०१९मध्ये तीही थांबली. मे २०२३मध्ये वाडिया समूहाची गो फर्स्ट इंजिनांच्या तुटवड्याकडे बोट दाखवत दिवाळखोरीत गेली. प्रत्येक वेळी आगाऊ तिकिटे काढलेल्या लक्षावधी प्रवाशांचे पैसे अडकले. दिवाळखोरीच्या कायद्यात हा प्रवासी शेवटच्या रांगेतला धनको असतो. बँका आधी, विमाने भाड्याने देणारे आधी, हा सर्वांत मागे. तिकिटाचे पैसे प्रवास घडेपर्यंत निराळ्या खात्यात ठेवावेत, ही मागणी कंपन्यांना जाचक वाटते. घर बांधणाऱ्यांना असे खाते ठेवण्याचे बंधन 'रेरा' कायद्याने घातले तेव्हाही ते जाचकच वाटले होते.

एकेक कंपनी पडत गेली तसे आकाश दोघातिघांपुरते उरले. २०२५मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे ६५ टक्के एकट्या इंडिगोकडे होते. टाटांकडील एअर इंडिया समूह मिळवला तर दहांतले नऊ. ऑगस्ट २०२२मध्ये आलेल्या अकासाचा वाटा अजून लहान आहे. मक्तेदारी मोडून आलेली स्वस्ताई वीस वर्षांत पुन्हा मक्तेदारीच्या दाराशी आली, आणि तिचा अर्थ काय होतो हे डिसेंबर २०२५ने दाखवले.

वैमानिकांच्या थकव्याविषयीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५पासून पूर्णपणे लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या वेळी उतरण्याची संख्या सहावरून दोन. नियम काही रातोरात आले नव्हते. वैमानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या होत्या, तारखा आधी जाहीर झाल्या होत्या. तरीही सर्वांत मोठ्या कंपनीने पुरेसे वैमानिक ठेवले नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उड्डाणे रद्द होऊ लागली आणि ५ तारखेला एका दिवसात हजाराहून अधिक रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग, जमिनीवर झोपलेली मुले, लग्नघरी न पोहोचलेले नातेवाईक. इतर कंपन्यांचे दर गगनाला भिडले. ६ डिसेंबरला सरकारने मर्यादा घातली: पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, त्यापुढे टप्प्याटप्प्याने जास्तीत जास्त अठरा हजार. लोकांना हलवण्यासाठी रेल्वेला जादा डबे जोडावे लागले. अखेर ज्या विश्रांतीच्या नियमांसाठी हे सारे घडले, त्यांतूनच त्या कंपनीला फेब्रुवारी २०२६पर्यंत तात्पुरती सूट देण्यात आली.

या शेवटच्या गोष्टीचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. थकलेला वैमानिक हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तो नियम पाळता येत नाही म्हणून शिथिल होतो तेव्हा नियम कोण कोणाला लावतो आहे, अशी शंका येते. पुढे चौकशी झाली, वेळापत्रकात कपात झाली, दंडही झाला. पण लहान कंपनीने नियम मोडला तर तिचा परवाना जातो आणि मोठीने मोडला तर देश थांबतो, म्हणून नियमच थांबतो, ही स्थिती कोणत्याही शासनाला भूषणावह नाही. ज्या महासंचालनालयाने हे पाहायचे तेथे जवळपास निम्मी पदे रिक्त असल्याचे संसदीय समितीने २०२५मध्येच नोंदवले होते.

भरपाईचा नियमही पाहण्यासारखा आहे. न कळवता उड्डाण रद्द झाले तर प्रवासाच्या कालावधीनुसार पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते द्यायचे. 'जे कमी असेल ते' या चार शब्दांत सारे आले. ज्याने दोन हजारांत तिकीट काढले त्याची हुकलेली मुलाखतही दोन हजारांचीच धरली जाते.

उडान आणि चिपी

लहान गावांसाठी केंद्र सरकारने आणलेल्या 'उडान' योजनेचा हेतू निर्विवाद चांगला. पायात हवाई चप्पल घालणारा हवाई जहाजात बसावा, या शब्दांत पंतप्रधानांनी तो सांगितला आणि एप्रिल २०१७मध्ये सिमला-दिल्ली मार्गावर योजना सुरू झाली. तासाभराच्या प्रवासाला काही आसने अडीच हजारांत, तूट सरकार भरणार. देशात २०१४ साली ७४ विमानतळ कार्यरत होते. दहा वर्षांत ते दीडशेच्या पुढे गेले. हे काम मोठे आहे. मात्र नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३चा अहवाल हितचिंतकांनीही वाचला पाहिजे. तपासलेल्या टप्प्यांतील ७७४ मंजूर मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि तीन वर्षांच्या सवलतीनंतर टिकले ते फक्त ५४.

महाराष्ट्राला याचा अनुभव घरचाच आहे. गोपीनाथांची एअर डेक्कन डिसेंबर २०१७मध्ये याच योजनेतून पुन्हा जन्मली आणि मुंबई-जळगाव, नाशिक-पुणे अशी छोटी विमाने उडवू लागली. काही महिन्यांतच फेऱ्या अनियमित होऊन बंद पडल्या. ऑक्टोबर २०२१मध्ये चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ थाटात उघडला. कोकणातला चाकरमानी गणपतीला विमानाने उतरणार, अशी चित्रे रंगली. तीन वर्षांची मुदत २०२४च्या ऑक्टोबरात संपली आणि मुंबईची ती सेवा थांबली. गोव्याच्या फ्लाय नाइन्टीवन कंपनीने पुण्याहून चिपीला विमान आणले खरे, पण ज्याचे घर मालवणात आणि बिऱ्हाड डोंबिवलीत, त्याला आधी पुणे गाठण्यात काय स्वारस्य?

दोष विमानाचा नव्हता, मुंबईत उतरायला सोयीची वेळ मिळत नाही हे दुखणे होते. सकाळी सात आणि सायंकाळी सात या मोलाच्या वेळा दिल्ली-बेंगळुरूच्या मोठ्या विमानांनी अडवलेल्या; सत्तर आसनी विमानाला दुपारी एकची वेळ, आणि दुपारी एकला जळगावहून मुंबईला येऊन त्याच दिवशी मंत्रालयातले वा न्यायालयातले काम उरकून कोणी परतू शकत नाही. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. तेथे वेळा अजून पूर्ण वाटल्या गेलेल्या नाहीत. सकाळच्या पहिल्या दोन तासांतील आणि सायंकाळच्या शेवटच्या दोन तासांतील ठरावीक वेळा जळगाव, नांदेड, चिपी, अमरावती, सोलापूर यांच्या नावाने आत्ताच लिहून ठेवल्या नाहीत, तर दोन वर्षांनी त्या मागायला गेलेल्या खासदारांना जागा भरल्याचे उत्तर मिळेल. राज्य सरकारने ही यादी विमानतळ चालवणाऱ्या कंपनीपुढे आणि केंद्रापुढे लेखी ठेवण्यास आज तरी अडचण नाही.